वजीर मिस्त्रीची होडी

वजीर मिस्त्री माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, पाठीवरून ओळखतात. तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहा, नाव सांगा, गाव सांगा, सोयरीक सांगा, ते डोळे बारीक करून नुसते बघत राहतील. शेवटी तुम्ही कंटाळून माघारी फिरता, चार पावलं जाता आणि मागून हाक येते, "आरं, तू दगडू टेलरचा धाकला न्हाई का? डावीकडं बसून चालतोस म्हणल्यावर दुसरा कोण आसंल! ये, च्या पिऊन जा."

मांजरसुंब्याच्या चौकात, चार दिशांच्या गाड्या जिथं दम खायला थांबतात, तिथं त्यांचं कमानपाट्याचं दुकान आहे. कमानपाटा म्हणजे मागच्या चाकांवर एकाखाली एक रचलेली पोलादी पानं. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. ओझं जास्त झालं की पानं सपाट होतात आणि गाडी मागून खाली जाते. याला वजीरचाचा 'बसणं' म्हणतात आणि त्यांच्या मते जगातला हा एकच दोष आहे. गाडी बसते. माणूस बसतो. उकळून उकळून चहा बसतो. एकदा चौकात एका पुढाऱ्याचं भाषण चाललं होतं, चाचा ट्रकखालून डोकं काढून पाच मिनिटं ऐकत होते. मग म्हणाले, "बसलंय बे हे. लई बसलंय," आणि पुन्हा ट्रकखाली गेले. पुढच्या निवडणुकीत तो पुढारी पडला. तेव्हापासून दोन-तीन जण मतदानाच्या आधी चाचांकडे चहाला येऊन जातात.

दुकानासमोर त्यांची बाज तिरकी टाकलेली असते. येणारी गाडी त्यांना दिसत नाही, गेलेलीच दिसते. पाठमोऱ्या ट्रककडे बघून ते सांगतात, "वर कडबा हाय, पण खाली कांदा हाय. आन् डायवरचं घरी भांडण झालंय." कांद्याचं आम्ही कितीतरी वेळा ढाब्यावर खरं करून घेतलं आहे. भांडणाचं विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

त्यांच्या शेजारी माझं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेटी, देवांची नावं, 'आईची कृपा', लाल चमकत्या पट्ट्या, असलं मी कापून देतो. माझं नाव अशोक. पण चाचा मला 'रेडियम' म्हणतात. बारा वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही.

चाचांना दुसरा एक राग होता तो हवेचा. पोलादावर त्यांचा जीव. हवा म्हटलं की तोंड वाकडं. टायरचं पंक्चर काढणारा आमच्याच रांगेत बसतो, त्याला ते कारागीर मानत नाहीत. "हवेचं काय खरं बे? आत्ता हाय, आत्ता न्हाई. पोलाद वाकतं, पण सांगून वाकतं."

तर असा हा माणूस. त्यानं होडी बांधली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी झाली आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत पत्रे येऊन पडले. चाचा दुपारी काम नसलं की वेल्डिंगचा चष्मा लावून तिकडे जायचे. पहिला महिनाभर आम्हाला वाटलं जनावरांचा हौद असेल. ढाबेवाले नाना म्हणाले, "गुळाची काहील हाय. मिस्त्री म्हातारपणी गुऱ्हाळ टाकतोय." मग एक दिवस त्या काहिलीला टोक आलं. नाना हातातला झारा घेऊनच पळत आले, चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि हळूच म्हणाले, "ही तर होडी हाय की हो."

आमच्याकडे उन्हाळ्यात दारात टँकर उभा असतो. होडी कुणाच्या दारात कुणी बघितलेली नव्हती. मांजरसुंब्याहून जवळात जवळचं होडी चालेल एवढं पाणी म्हणजे बीडच्याही पलीकडचं धरण. लोक मुद्दाम गाडी थांबवून बघायला लागले.

"चाचा, होडी कावून?"

"आसू दे की."

"पण पाणी कुठंय?"

"नूह नबीनं बांधली तवा कुठं पाणी होतं?"

महापूर यायच्या आधीच कोरड्या जमिनीवर जहाज बांधणाऱ्या पैगंबराचा दाखला ऐकून लोक गाडीत जाऊन बसत.

त्यांच्या बायकोला, रजियाचाचींना, मी विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हातारपणी लोक हजला जाऊ म्हणतेत. आमच्या माणसानं होडी केली. तुला एखादी रिकामी गाढवीण दिसली तर सांग, तेबी घेऊन टाकंल." पण हे बोलताना त्या हसत नव्हत्या, आणि चिडलेल्याही नव्हत्या. मला तेव्हा काही कळलं नाही.

होडी तयार झाली. वरून निळी, आतून पांढरी. मी म्हटलं, "चाचा, नावेला नाव काय द्यायचं? मी रेडियममधी कापून देतो." ते म्हणाले, "नावेला आणखी नाव कशाला? मागं लाल पट्ट्या मार, म्हंजी कुणी येऊन धडकायचं न्हाई." मग मी होडीच्या पाठीला ट्रकसारख्या लाल पट्ट्या मारल्या.

पुढचे काही महिने ती होडी जुन्या टायरांच्या मधोमध उभी होती. वर निंबाची सावली. दुपारी काम थंडावलं की चाचा शिडी लावून आत जाऊन बसायचे. मग मलाही बोलवायचे. आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचो. हमरस्त्यावरून एखादा मोठा ट्रेलर गेला की जमीन हलकी थरथरायची, निंबाची सावली पांढऱ्या पत्र्यावर डुलायची, उन्हाच्या झळा टायरांवर लकाकायच्या, आणि क्षणभर मला खरंच वाटायचं की आपण कुठंतरी वाहत चाललो आहोत. चाचांचे डोळे मिटलेले असायचे. अशा वेळी ते कुणी कितीही मोठा ट्रक घेऊन आलं तरी उतरायचे नाहीत. "सबूर," एवढंच म्हणायचे.

होडी न्यायला त्यांनी जुन्या मोटारीचा आस घालून दोन चाकांची ट्रॉली बनवली. ती आपल्या पिकअपला मागं जोडली आणि बाजूला होऊन, सवयीनं, मागून बघितलं.

पिकअप बसली होती.

ट्रॉलीची दांडी मागच्या हुकावर दाबत होती. पिकअपची मागची बाजू जमिनीकडे गेली होती आणि तोंड आकाशाकडे. सगळा चौक बघत होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या बसल्या म्हणणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी त्याच्याच दारात बसली होती. नाना ढाब्यावरून ओरडले, "मिस्त्री, बसलंय का हो?"

चाचांनी मग तेच केलं जे त्यांना येत होतं. पाट्याला दोन पानं वाढवली. गाडी सपाट उभी राहिली. चाचा मिशीत हसले आणि होडी जोडून नेकनूरपर्यंत एक फेरी मारून आले. आले ते थेट होडीखाली वाकले. होडीच्या जोडांना तीन ठिकाणी तडे गेले होते. पाटा इतका कडक झाला होता की रस्त्यातला खडा न् खडा होडीपर्यंत पोचत होता. होडी नसताना तर विचारूच नका. रजियाचाची त्या पिकअपमधून बीडला डोळे दाखवायला गेल्या आणि येताना एसटीनं आल्या. "गाडी हाय का बकरी?" म्हणाल्या.

तडे पुन्हा सांधताना चाचांचा चेहरा मी बघत होतो. पोलादानं त्यांना पहिल्यांदा दगा दिला होता.

त्या सुमाराला मी मोबाइलवर एक चित्रफीत बघितली. कुठल्यातरी परदेशात एक शेतकरी आपल्या पिकअपमागं घोड्यांची गाडी ओढत होता, आणि त्यानं मागच्या आसावर, पाट्याच्या जोडीला, रबराचे दोन फुगे बसवले होते. ओझं जोडलं की फुग्यात हवा भरायची, गाडी सपाट. ओझं काढलं की हवा कमी करायची, गाडी पुन्हा मऊ. मी ते चाचांना दाखवलं. त्यांनी पूर्ण बघितलं, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "हवेवर?"

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चहासुद्धा नानांच्या हाती पाठवायचे. नवव्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो तर मागून आवाज आला.

"ए रेडियम. ते फुगे मागीव."

फुगे पुण्याहून आले. खोकं उघडायला निम्मा चौक जमला होता. नानांनी नाव वाचलं आणि त्यांचा गोंधळ झाला. "एअर बॅग? ती तर पुढं आसती. गाडी धडकली की तोंडावर येती. मिस्त्री, तुमाला मागून कोण धडकणार हाय?"

"सासुरवाडी," चाचा म्हणाले.

आत काळे, जाड रबराचे दोन फुगे होते, एकावर एक दोन मेदुवडे ठेवावेत तसे. चाचांनी पहिल्यांदा वाढवलेली दोन पानं उतरवली. पानं भिंतीला टेकवून ठेवली, वर फडकं टाकलं. मग गाडीखाली गेले. मी बॅटरी धरली. मागच्या आसाच्या वर आणि चेसीच्या खाली जी रबरी ठोकळ्याची जागा असते, तिथं एकेका बाजूला एकेक फुगा बसला. हवेची नळी सायलेन्सरपासून लांब लांब नेली, गरमीनं वितळू नये म्हणून. भरायची तोंडं नंबरप्लेटीच्या दोन बाजूंना काढली, मोटरसायकलच्या ट्यूबला असतात तशीच.

"दोन्हीला येकच तोंड ठेवलं आस्तं तर?" मी विचारलं.

"मग वळणावर डाव्याची हवा उजव्यात जाईल आन् गाडी आडवी झोपंल. ज्याची त्याची हवा ज्याच्या त्याच्याकडं पायजे."

हवा भरताना मात्र त्यांची फजिती झाली. होडी न जोडताच त्यांनी दोन्ही फुगे गच्च भरले. पिकअपचा मागचा भाग हळूहळू वर गेला, गेला, आणि अंगात आल्यासारखी गाडी वर ढुंगण करून उभी राहिली. लोक टाळ्या वाजवायला लागले. चाचांनी शांतपणे हवा सोडली. खडू आणला. रिकाम्या गाडीची पुढची-मागची उंची चाकावरच्या पत्र्यापर्यंत मोजून तिथंच खुणा केल्या. मग होडी जोडली. मागची खूण चार बोटं खाली गेली. आता त्यांनी थोडी थोडी हवा भरायला सुरुवात केली. भरायची, मोजायची. भरायची, मोजायची. खूण जागेवर आली तिथं थांबले. नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघितलं. आणि शेवटी, कुणी बघत नाही असं समजून, गाडीखाली आडवे होऊन त्यांनी फुग्याला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काय ऐकताय चाचा?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "गप हाय. लई गप हाय."

त्या दिवसापासून ते हवेला नावं ठेवत नाहीत. पंक्चरवाल्यालासुद्धा आता 'उस्ताद' म्हणतात.

बातमी पसरली तसा एक वीटभट्टीचा ड्रायव्हर आला. त्याला फुगे हवे होते. म्हणाला, "आता दुप्पट विटा टाकतो, गाडी बसायची न्हाई." चाचा बाजेवरून उठले. त्यांना एवढं रागावलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "गाडी सपाट दिसली म्हंजी ओझं कमी झालं का बे? ब्रेक तेवढाच, आस तेवढाच, हुक तेवढाच. फुगा उंची देतो, ताकद देत न्हाई. चल नीघ!" तो गेला तरी चाचा बराच वेळ पुटपुटत होते.

मृग लागायला चार दिवस होते. सकाळी फजरची नमाज आटोपून चाचा माझ्या दारात आले. "ए रेडियम, धरणावर चाललोय. मोटरसायकल काढ आन् माझ्या मागून ये. मागून बघायला कोणतरी पायजे."

हे काम ते दुसऱ्या कुणाला देऊ शकत होते असं मला वाटत नाही. मी निघालो.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना सकाळ अजून राखाडी होती. पुढं पिकअप, तिच्यामागं निळी होडी, होडीच्या पाठीवर माझ्या लाल पट्ट्या. डोंगरउतारावरून होडी खाली येताना बघणं काय असतं हे सांगता येणार नाही. कोरडे डोंगर, पिवळं गवत, आणि त्यातून वळणावळणानं वाहत चाललेली होडी. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर मान वळवत होता. पिकअप अगदी सपाट चालली होती. वळणावर कलायची नाही, खड्ड्यात आपटायची नाही. नुसती श्वास घेतल्यासारखी वर यायची, खाली जायची.

बीड मागं टाकलं आणि थोडं पुढं गेल्यावर मला वाटलं, डावीकडं किंचित काहीतरी झालं आहे. मी हॉर्न देणार तोच पिकअप आपोआप बाजूला थांबली. चाचा उतरून मागं आले.

"डावीकडं बसलंय," ते म्हणाले.

"तुमाला आतून कसं कळलं?"

"कळतं."

त्यांनी डाव्या फुग्याच्या तोंडाला थुंकी लावली. बुडबुडा आला. तोंडातली पिन खराब होती. पिन म्हणजे आतली हवा अडवून धरणारी गव्हाच्या दाण्याएवढी वस्तू, पण ती नसेल तर सगळं संपलं. बरोबर दुसरी नव्हती. चाचांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. मग माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाकडं बघितलं.

"ती पिन हितं बसती," ते म्हणाले.

"आन् माझी गाडी?"

ते पुन्हा होडीकडं बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी स्वतःच खाली बसून पिन काढून दिली. माझ्या चाकातली हवा फुस्स करून गेली. मोटरसायकल ढकलत जवळच्या एका ढाब्यावर ठेवली. चाचांनी पायपंपानं फुगा भरला, खडूच्या खुणेशी उंची जुळवली, आणि मी पिकअपमध्ये त्यांच्या शेजारी बसलो.

आतून तो प्रवास आणखीनच निराळा होता. गाडी रस्त्यावरून चालली आहे असं वाटतच नव्हतं. खिडकीतून बाभळी मागं जात होत्या, नांगरून ठेवलेली काळी रानं जात होती, कुठं एखादी बाई डोक्यावर पाटी घेऊन थांबलेली. चाचा एरवी गाडीत बसले की पुढच्या प्रत्येक गाडीची पाठ बघून काहीतरी सांगतात. त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा आम्ही एका जुन्या डांबरी रस्त्यावर होतो आणि तो रस्ता सरळ पाण्यात जात होता.

खरंच जात होता. दोन्ही बाजूंना जुनी निंबाची झाडं, मधून रस्ता, उतार, आणि मग पाणी. मैलाचा एक दगड गुडघाभर पाण्यात उभा. त्याच्या पलीकडं नजर पोचेल तिथपर्यंत धरण, वाऱ्याशिवाय, काचेसारखं.

काठावर एक कोळी जाळं झाडत होता. लक्ष्मण त्याचं नाव. चाचांना बघून तो उभा राहिला. "चाचा! औंदा होडी घेऊनच आलात?"

म्हणजे चाचा इथं नेहमी येत होते. मला बारा वर्षांत ठाऊक नव्हतं.

चाचांनी पिकअप उलटी घेत घेत त्या रस्त्यानंच पाण्यात नेली. ट्रॉली बुडाली, होडी तेवढी वर राहिली आणि अलगद सुटली. जोडांतून एक थेंब आत आला नाही. लक्ष्मणनं दोर धरला, मी चढलो, चाचांनी वल्हं घेतलं. ते सराईतासारखं वल्हवत नव्हते. होडी थोडी इकडं, थोडी तिकडं जायची. पण कुठं जायचं हे त्यांना नक्की ठाऊक होतं. ते सारखं टेकडीवरच्या एका पांढऱ्या दर्ग्याकडं आणि दुसऱ्या काठावरच्या विजेच्या मनोऱ्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं ते दोन्ही एका रेषेत आले तसे चाचा थांबले. वल्हं आत घेतलं.

"हितं," ते म्हणाले.

मी खाली वाकून बघितलं. हिरवट पाणी. दुसरं काही नाही.

"खाली आमचं गाव हाय," चाचा म्हणाले. "मी वीस वरसांचा होतो तवा पाणी आलं. सगळं हलवलं बग लोकांनी. दारं हलवली, तुळया हलवल्या, देवळातले देव हलवले, कडबासुदीक हलवला. मेलेली माणसं तेवढी ऱ्हायली. त्यास्नी कोण हलवणार?"

मग त्यांनी खिशातून टोपी काढून घातली.

"माझी अम्मा हितं हाय."

होडी जागच्या जागी हळूहळू फिरत होती. चाचा सांगत होते ते मला सांगत होते की पाण्याला, कळत नव्हतं. ते नऊ वर्षांचे होते. अम्माला ताप भरला होता. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेत होते. "गाडी लई आपटायची. मी तिचं डोकं मांडीवर धरलतं. ती सारखी म्हणायची, हळू, हळू. बैल तरी किती हळू चालणार? वाटंतच गेली."

त्यांनी डोक्यावरची टोपी पुन्हा नीट बसवली.

"लक्षुमणाच्या तराफ्यावर येक डाव आलतो. पण दुसऱ्याच्या होडीत माणूस घड्याळ बगतो. ह्याला मासे धरायचे आस्तेत. चला चाचा, झालं का चाचा. आसं आईपाशी बसता येतं का बे?"

"मग इतकी वर्षं?" मी विचारलं. "काठावर येऊन बसायचात?"

वल्ह्याचं पाणी होडीत ठिबकत होतं, चाचा ते बोटानं पुसत राहिले.

"तुला येक सांगतो. कुणाला सांगितलं न्हाई. रजियाला ठावं हाय तेवढं." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "दुष्काळ पडला ना, की हे पाणी हटतं. गाव वर येतं. भिताडं दिसतेत, हीर दिसती, कबरस्तान दिसतं. मग मी चालत जातो. चिखल तुडवत. अम्मापाशी दिसभर बसतो. सगळा जिल्हा रडत आसतो, जनावरं छावणीत बांधलेली, बाया टँकरमागं पळतेत, आन् मी... मी खूश आसतो बे."

लांब एक बगळा पाण्यावरून गेला.

"इदगाहवर पावसाची नमाज व्हायची. सगळे हात वर करून रडायचे. मीबी हात वर करायचो. पण तोंडातून शब्द निघायचा न्हाई. कसं मागू? पाऊस मागितला तर अम्मा बुडती. न्हाई मागितला तर दुनिया मरती. ह्या वयापर्यंत मी पावसाची दुआ मागितली न्हाई, रेडियम. बाजूला हुबा ऱ्हाऊन नुसते व्हट हलवले. लोकांना वाटायचं मिस्त्री लई मनापासून मागतोय."

मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण ते पाठमोरे नव्हते, आणि समोरून त्यांच्याकडं बघायची आमच्यापैकी कुणाला सवय नव्हती. मी वल्हं धरून बसलो.

चाचांनी मेलेल्या माणसासाठी म्हणतात तो फातिहा वाचला. पुटपुटत, डोळे मिटून, घाई न करता. ऊन वर आलं होतं. पाण्यावरचा उजेड त्यांच्या दाढीवर हलत होता. वाचून झाल्यावर त्यांनी हात खाली घेतले नाहीत. तसेच वर धरले, थोडे आणखी वर, आणि मोठ्यानं म्हणाले, एवढ्या मोठ्यानं की काठावर लक्ष्मणनं मान वर केली,

"या अल्ला, पाड! औंदा लई पाड. काठोकाठ भरू दे हे धरण. कुणाचं जनावर बांधलेलं ऱ्हाऊ देऊ नको. पाड!"

आवाज पाण्यावरून लांब गेला. चाचा धापा टाकत होते. मग ते होडीच्या कडेवरून वाकले, बाही सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. तसाच ठेवला. त्यांच्या घरच्या बोलीत, लहान मुलाशी बोलावं तसं हळूच, ते खाली बघून म्हणाले,

"अम्मा, पानी बढींगा. डरना नक्को. मैं आतूँ."